उतारा कोणाच्या हाती?



पुण्याच्या कॅम्पात लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे एक मंदिर आहे. ज्यू लोकांचे ते प्रार्थनास्थान. पुणेकर मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याला लाल देऊळ म्हणत आले. त्याच्या आवारात डेव्हिड ससून या व्यापाऱ्याची कबर आहे. बगदादमध्ये छळ होऊ लागला म्हणून हा गृहस्थ घरदार सोडून निघाला, मुंबईस आला, तेथे गडगंज झाला आणि १८६४ साली पुण्यात वारला. त्याच्या देणगीतून बांधावयाच्या इस्पितळाचा पाया आदल्याच वर्षी घातला गेला होता. इमारत १८६७ साली पुरी झाली. त्या ससून इस्पितळाची ओळख मी आपल्याला करून द्यावी असे नाही. घरातले कोणी ना कोणी कधी तरी ससूनमध्ये नेले गेले नाही, असे पुण्यातले घर विरळाच.

या घराण्याचा पैसा आला कोठून? कापसातून आला, कापडातून आला, आणि अफूतूनही आला. बंगालकडच्या अफूवर कंपनी सरकारची मक्तेदारी होती. पण माळव्यात, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात, पिकणारी अफू त्या मक्त्याबाहेरची. कंपनीने आधी ती अडवू पाहिली. ती दमणमार्गे, सिंधमार्गे चीनकडे निसटू लागली, तेव्हा शहाणपण सुचून १८३१ च्या सुमारास तिला मुंबई बंदरातून जाऊ देण्याचे ठरले. मात्र पेटीमागे परवान्याचा कर भरून. पुढे सिंध जिंकल्यावर दुसरी वाट बंद झाली आणि कर वाढत गेला. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता, आणि त्यांच्या नावाचे मुंबईचे इस्पितळ १८४५ साली उघडले. एकेकाळी हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे सातवा हिस्सा अफूतून येई. ससून आणि जीजीभाई यांच्याकडे बोट दाखवताना ही गोष्ट विसरू नये. ज्या दुकानात खुद्द सरकारच मालक होते, तेथे हे दोघे फार तर अडते.

परंतु आजचा माझा विषय अफूचा नव्हे, तिच्या उताऱ्याचा आहे. उतारा म्हटले की पुणेकरांना आधी सातबारा आठवतो. मी म्हणतो तो विषावरचा उतारा. अफू, मॉर्फिन, हेरॉईन, गर्द या सगळ्या एकाच कुळातल्या वस्तू. त्यांची मात्रा अति झाली की मरणाच्या दारातून माणसाला दोन-तीन मिनिटांत परत आणणारे एक औषध आहे. नाव नॅलोक्सोन. ते साठ वर्षांपूर्वीच सापडले. मग ते माणसाच्या घरापर्यंत पोचायला इतका काळ का लागला, आणि पोचवण्याच्या कामात निवृत्त शिपायांच्या इस्पितळांनी पुढाकार का घ्यावा, एवढाच प्रश्न मी आज घेतला आहे.

प्रथम अफूने माणूस मरतो कसा ते पाहू. हृदयाशी तिचे सरळ वैर नाही. मेंदूच्या तळाशी श्वासाचे जे केंद्र आहे, त्याला ती झोपवते. आपण झोपलो तरी श्वास चालू राहतो, कारण हा पहारेकरी जागा असतो. अफूच्या अतिमात्रेने पहारेकऱ्यालाच डुलकी लागते. श्वास मंदावतो, घोरल्यासारखा घरघर आवाज येतो, ओठ आणि नखे निळसर पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. हाका मारल्या तरी ओ येत नाही. पाहणाऱ्याला वाटते, गाढ झोपला आहे, झोपू दे. या ‘झोपू दे’नेच किती माणसे गेली असतील याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

आपल्या घरांतही हा प्रकार परका नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत बायका कामाला जाऊ लागल्या, तेव्हा तान्हे मूल दिवसभर खोलीत निजून राहावे म्हणून त्याला अफूची बारीक गोळी चाटवण्याची चाल पडली. तिला बाळागोळी म्हणत. त्या आयांना दोष देण्याआधी त्यांचे कामाचे तास मोजावेत. गोळी जरा मोठी पडली, किंवा मूल आजाराने आधीच क्षीण झालेले असले, की संध्याकाळी आई परते तेव्हा ते उठत नसे.

यावर त्या काळी उपाय तरी काय होते? ओकारी काढणे, कडक कॉफी पाजणे, तोंडावर गार पाण्याचे हबके मारणे, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून रोग्याला रात्रभर अंगणात चालवत ठेवणे. शास्त्राच्या दृष्टीने हे उपाय लंगडे. पण त्यांच्यात एक गुण होता: ते कोणालाही करता येत. शेजारी धावत, बायका चूल पेटवीत, पोरे पाणी आणीत. पुढे खरा, अचूक उतारा सापडला आणि तो मात्र इस्पितळाच्या कपाटात कुलुपात जाऊन बसला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला चमत्कारिक भाग हाच आहे.

आता शिपायाकडे वळू. अफू आणि शिपाई यांचे नाते जुने. रजपुतांत कसुंबा देण्याघेण्याची चाल प्रसिद्धच आहे. इंग्लंडात अफूविरुद्ध ओरड वाढली, तेव्हा १८९३ साली एक रॉयल कमिशन नेमण्यात आले. ते हिंदुस्थानभर हिंडले, मुंबईसही आले. सातशेंवर साक्षी झाल्या, आणि १८९५ साली भलेमोठे बाड छापून निघाले. त्या बाडात लष्करी अधिकाऱ्यांच्या आणि डॉक्टरांच्या साक्षी आहेत. शीख आणि रजपूत शिपाई लांब मजलीत, थंडीत, उपाशीपोटी थोडी अफू खातात आणि तरी उत्तम लढतात, असा त्यांचा एकूण सूर. कमिशनने बंदीची शिफारस केली नाही. हेन्री विल्सन नावाच्या एका सभासदाने तेवढी भिन्नमतपत्रिका जोडली. आपल्या पुढाऱ्यांतही एकमत नव्हते. दादाभाई नौरोजींनी या व्यापाराला पाप म्हटले. उलट, हे उत्पन्न बुडाले की तो बोजा रयतेच्याच माथी बसेल अशी धास्ती पुष्कळांना वाटत होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. मला त्या साक्षींत खटकते ते वेगळेच. शिपाई नोकरीत असताना किती मजल मारतो हे सगळ्यांनी सांगितले. पेन्शन घेऊन गावी गेल्यावर त्याचे आणि त्याच्या गोळीचे काय होते, हा प्रश्न त्या मानाने फारसा कोणाला सुचलेला दिसत नाही.

तिकडे पश्चिमेत अफूने रूप पालटले होते. झेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच अफूच्या चिकातून मॉर्फिन वेगळे काढले. १८५३ च्या सुमारास त्वचेखाली टोचण्याची पिचकारी आली. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने अफूच्या सुमारे १ कोटी गोळ्या वाटल्या असे सांगतात. अतिसारावर गोळी, जखमेवर मॉर्फिन. युद्ध संपले, पाय तुटलेले शिपाई घरी गेले, आणि सवयही त्यांच्याबरोबर गेली. या सवयीला ‘शिपायांचा रोग’ हे नाव पुष्कळ मागाहून चिकटले, असे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. पण नाव मागाहूनचे म्हणून रोग खोटा ठरत नाही. १८९८ मध्ये बायर कंपनीने हेरॉईन बाजारात आणले, तेही खोकल्याचे औषध म्हणून!

पुढचे युद्ध व्हिएतनामचे. १९७१ च्या सुमारास तेथील अमेरिकन शिपायांत हेरॉईन सर्रास मिळू लागले होते. ली रॉबिन्स या बाईंनी परतलेल्या शिपायांचा पाठपुरावा केला. तेथे असताना जवळजवळ पाचातला एक जण हेरॉईनच्या कह्यात गेल्याचे आढळले. पण घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले फार थोडे, शंभरात पाचच्या आसपास, पुन्हा त्यात अडकले. एकदा अडकला तो गेला, हा समज या आकड्यांनी खोटा पाडला. ज्याला घर, काम आणि माणसे परत मिळतात तो पुष्कळदा सुटतो. मात्र सुटायचे तर आधी जगले पाहिजे.

येथे उताऱ्याचा जन्म सांगतो. १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन या रसायनशास्त्रज्ञांनी नॅलोक्सोनचे पेटंट मागितले. मेंदूतल्या ज्या खुंटीवर अफू जाऊन बसते, त्याच खुंटीवर हे औषध बसते, अफूला ढकलून देते, आणि स्वतः मात्र कैफ देत नाही. ज्याच्या अंगात अफू नाही त्याला ते दिले तर काहीच होत नाही. शिवाय ज्या थिबाइनपासून ते तयार करतात ते अफूच्या चिकातच असते. मंदसौर-नीमचच्या शेतांत आजही सरकारी परवान्याने बोंडे चिरली जातात, तेव्हा त्या चिकात विषही असते आणि उताऱ्याचे बीही. १९७१ साली अमेरिकन सरकारने हे औषध मंजूर केले; १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले.

फिशमन यांची स्वतःची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते पोलंडमधले ज्यू. हिटलरच्या भयाने त्यांचे कुटुंब पळाले ते थेट शांघायला. शांघाय हे चिनी अफूव्यापाराचे नाक, आणि तेथे ससून घराण्याची मोठी पेढी. त्या निर्वासितांची पहिली सोय लावण्यासाठी व्हिक्टर ससून यांनी आपली एक इमारत खुली करून दिली होती. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या पेट्या त्या बंदरावर उतरल्या, त्यांच्याच शहरात अफूचा उतारा शोधणारा मुलगा लहानाचा मोठा झाला. इतिहासाला अशा गाठी मारायची खोड असते. त्यातून अर्थ काढायच्या भरीस मी पडत नाही. पुढे २००३ साली फिशमन यांचा सावत्र मुलगा हेरॉईनच्या अतिमात्रेने वारला. ज्याने औषध शोधले त्याच्या घरच्या मुलाला ते वेळेवर मिळाले नाही, कारण ते अँब्युलन्समध्ये होते, इस्पितळात होते, घरात नव्हते.

कारण उघड आहे. बाकीची बहुतेक औषधे रोगी स्वतः घेतो. दमेकरी आपला पंप आपण ओढतो, मधुमेही आपली सुई आपण टोचतो. नॅलोक्सोन हे असे औषध आहे की ज्याला ते हवे, त्याला ते स्वतः घेता येत नाही. तो बेशुद्ध असतो. म्हणजे ते रोग्याला देणे याचा अर्थच मुळी त्याच्या बायकोला, आईला, खोलीतल्या जोडीदाराला देणे. पण चिठ्ठी लिहिली जाते रोग्याच्या नावाने, आणि कायद्याला बायको दिसत नाही.

ही कोंडी डॉक्टरांनी नव्हे, रस्त्यावर काम करणाऱ्या माणसांनी फोडली. १९९६ साली शिकागोत डॅन बिग यांच्या संस्थेने गर्दुल्ल्यांच्याच हाती नॅलोक्सोनच्या कुप्या द्यायला सुरुवात केली, आणि कसे टोचायचे ते शिकवले. शहाण्या लोकांनी तेव्हा माना हलवल्या. उतारा खिशात असला की माणूस आणखी बेफिकीर होईल, हा त्यांचा आक्षेप. आक्षेप तर्काला धरून दिसतो. पुराव्याला धरून नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये ज्या गावांत असे शिक्षण आणि वाटप झाले, तेथे अतिमात्रेचे मृत्यू इतर गावांपेक्षा कमी आढळले. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला.

आता अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांकडे येतो. सुमारे १७० इस्पितळे, शेकडो दवाखाने, ९० लाखांच्या आसपास नोंदलेले माजी सैनिक असा हा प्रचंड सरकारी कारभार. १९९९ साली या खात्याने ठरवले की नाडी, ताप, श्वास आणि रक्तदाब यांच्या जोडीला वेदना ही पाचवी खूण मानायची. प्रत्येक रोग्याला विचारायचे, शून्य ते दहा यांत दुखणे किती? हेतू अगदी निर्मळ. पण त्याच काळात औषध कंपन्या अफूच्या जातीच्या नव्या गोळ्यांची टिमकी वाजवत होत्या. २००१ नंतर अफगाणिस्तान आणि पाठोपाठ इराक. सुरुंगांनी हातपाय गेलेले, पाठ मोडलेले तरुण परत येऊ लागले. डॉक्टरांनी आठ आकडा ऐकला आणि गोळ्या लिहिल्या. २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यात या इस्पितळांचे रोगी अपघाती विषबाधेने इतर नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरत असल्याचे दिसले. म्हणजे १८६५ ची गोष्ट पुन्हा; या वेळी मात्र छापील चिठ्ठीवर.

या खात्याने पुढे जे केले त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. २०१३ पासून गोळ्या लिहिण्यावर देखरेख बसवली. त्याच सुमारास क्लीव्हलँडसारख्या ठिकाणी उतारा घरी देण्याचा प्रयोग झाला आणि २०१४ पासून तो देशभर नेला. नुसते औषध नव्हे. अतिमात्रा ओळखावी कशी, मदत बोलवावी कशी, औषध द्यावे कसे, हे रोग्याला आणि त्याच्या घरच्यांना बसवून शिकवायचे. २०१६ साली कायदा करून त्यासाठी रोग्याने भरायचा पैसा माफ केला. आधी सुई होती. २०१५ च्या अखेरीस नाकात मारायचा तयार फवारा मंजूर झाला आणि काम फार सोपे झाले.

एक अडचण मात्र पैशाची नव्हती, औषधाचीही नव्हती. शब्दाची होती. पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीने गोळ्या घेणाऱ्या साठीच्या शिपायाला कोणी म्हणाले, ‘तुम्हांला ओव्हरडोस होऊ शकतो, हे घरी ठेवा’, तर त्याला तो अपमान वाटे. ओव्हरडोस गर्दुल्ल्यांना होतो. मी पदके मिळवलेला माणूस! तेव्हा शिकवणाऱ्यांनी भाषा बदलली. ‘या गोळ्यांनी कधी कधी झोपेत श्वास मंदावतो, घरात आग विझवायचे नळकांडे असते तसे हे असू द्या’, अशा वळणाने सांगू लागले. ज्यांना आपल्याकडे असे काही करावेसे वाटेल त्यांनी ही गोष्ट पैशाच्या तरतुदीआधी लक्षात ठेवावी. आपले सुभेदारसाहेब काही कमी मानी नाहीत.

२०१८ मध्ये आणखी एक पाऊल पडले. इस्पितळाच्या आवारात, न्हाणीघरात, मोटारतळावर माणसे कोसळतात, आणि आतले डॉक्टर धावत येईपर्यंत मोलाची मिनिटे जातात, हे बॉस्टनच्या इस्पितळात ध्यानात आले होते. बंद पडलेल्या हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राची कपाटे भिंतीवर असतातच. त्याच कपाटात नॅलोक्सोन ठेवायचे, आणि आवारातल्या पोलिसांच्या कमरेलाही द्यायचे, असे देशभर ठरले. २०२० पर्यंत २ लाखांहून अधिक रोग्यांच्या घरी उतारा पोचला होता, आणि त्यातून हजारावर माणसे परत आल्याच्या नोंदी झाल्या होत्या. ज्यांच्या नोंदी झाल्या नाहीत ते वेगळे. मार्च २०२३ मध्ये तर अमेरिकन सरकारने हा फवारा कोणत्याही दुकानात चिठ्ठीवाचून विकायला परवानगी दिली.

हे सगळे ऐकून आपण म्हणाल, त्यांचे त्यांच्यापाशी. आपल्या शिपायांचा याच्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर घाईने देऊ नये.

पुणे हे शिपायांचे शहर आहे. कृत्रिम अवयव केंद्र येथे १९४४ पासून, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून. दक्षिण कमांडचे इस्पितळ येथे, कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र खडकीला. माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून चालू झाली. घाटावरच्या गावागावांतून भरती झालेले पेन्शनर तिच्या दवाखान्यांत रांग लावतात. पण अमेरिकेतला रोग जसाच्या तसा आपल्याकडे आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे डॉक्टरांची लेखणी सैल नव्हे, उलट आखडलेली. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर कॅन्सरने तळमळणाऱ्या रोग्यालाही मॉर्फिन मिळेना. २०१४ साली कायदा दुरुस्त करावा लागला. तिकडे अति झाले, इकडे नास्ति. अमेरिकेचे अनुकरण करताना आधी तिची चूक करून मग तिचा उपाय करण्याची गरज नाही.

आपल्याकडचे संकट दुसऱ्या वाटेने आले. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवले की औषधाखेरीज अफूची विक्री दहा वर्षांत बंद करायची, आणि १९५९ साली ती बंद केली. म्हातारे अफूबाज तेवढे नोंदवहीत राहिले. १९८० नंतर मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत ब्राऊन शुगर शिरली. तिलाच आपण गर्द म्हणू लागलो. अनिल अवचटांनी तिच्यावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि डॉ. अनिता अवचट यांच्या कष्टांतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. हा इतिहास पुणेकरांना तोंडपाठ आहे. २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अफूच्या कुळातले पदार्थ घेणारे २ कोटी २६ लाख, त्यांपैकी मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख, आणि निरनिराळी मादक द्रव्ये सुईने टोचून घेणारे सुमारे साडेआठ लाख, असे देशाचे आकडे आहेत. त्यांत शिपाई किती, हे ती पाहणी सांगत नाही. पण शिपायांचे मुलगे, पुतणे, जावई काही वेगळ्या देशात राहत नाहीत.

येथे एक गोष्ट मी जरा ठासून सांगतो, कारण ती उलटी वाटते. अतिमात्रेचा धोका रोज घेणाऱ्याला असतोच. पण तो भयंकर वाढतो ते सोडून दिल्यानंतर. महिना-दोन महिने उपचारात किंवा तुरुंगात काढले की शरीराची सहनशक्ती उतरते. माणूस घरी येतो, सगळे आनंदात असतात, आणि एखाद्या संध्याकाळी जुना मित्र भेटतो. तो जुनीच मात्रा घेतो. शरीर मात्र नवे असते. म्हणून उतारा द्यायचा झाला तर तो सुधारलेल्या मुलाच्या घरी आधी दिला पाहिजे. आईला हे सांगणे अवघड. ‘तुमचा मुलगा बरा झाला, आणि हे घ्या’ यातले दुसरे वाक्य ऐकून तिचा पहिल्यावरचा विश्वास उडेल, या भीतीने ते सांगितले जात नाही.

देशात हे कोणी केलेच नाही असे नाही. मणिपूर-नागालँडमध्ये ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरून हेरॉईन आले आणि त्यापाठोपाठ एड्स. तेथे एकेकाळी स्वतः व्यसनी असलेल्या तरुणांनीच नॅलोक्सोन हाती घेऊन आपल्या सोबत्यांना जगवले आहे. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. भूलतज्ज्ञांच्या हाताखाली शस्त्रक्रियागृहात त्याच्या कुप्या असतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मात्र ते मिळायचे नाही. आणि बोलावले तर पोलीसही येतील या धास्तीने खोलीतले सोबती पळून जातात. उपचार घ्यायला स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला आपल्या कायद्याच्या ६४ अ कलमाने खटल्यापासून संरक्षण आहे. पण बेशुद्ध मित्राजवळ थांबणाऱ्याला त्यातून धीर कोठून यावा?

माजी सैनिकांच्या दवाखान्यांपासून आरंभ करावा असे मला वाटते ते यासाठी की तेथे तीन गोष्टी एकत्र आहेत. रोग्याची कायमची नोंद आहे, औषध मोफत देण्याची रीत आहे, आणि रोग्याबरोबर त्याचे कुटुंबही त्याच कार्डावर आहे. सुभेदाराच्या मुलाला धोका असेल तर सुभेदारीणबाईंच्या हाती कुपी देता येईल, अशी यंत्रणा आधीच उभी आहे. शिवाय शिपायाला कवायतीचे मोल माहीत असते. युद्धात जखमी सोबत्याला पट्टी कशी बांधायची हे ज्याला शिकवले, त्याला हे शिकवायला अर्धा तास पुरे.

ते काय शिकवायचे, तेही सांगून टाकतो. माणूस निपचित दिसला की खांदा हलवून मोठ्याने हाक मारायची. छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळायचे. जाग आली नाही आणि श्वास मंद असला, तर लगेच १०८ ला फोन. नॅलोक्सोन असेल तर नाकात किंवा मांडीत. हनुवटी वर उचलून तोंडाने श्वास द्यायचा, दर पाच सेकंदांनी एक. कॉफी पाजायची नाही, गार पाण्याखाली धरायचे नाही, चालवायचे नाही. श्वास नीट सुरू झाला की एका कुशीवर वळवायचे, ओकारी घशात अडकू नये म्हणून. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरी मात्रा. आणि तो उठून बसला, चिडला, ‘मला काही झाले नव्हते’ म्हणाला, तरी त्याच्याजवळून हलायचे नाही. कारण उताऱ्याचा अंमल अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, आणि गर्द तेव्हाही अंगात असू शकते.